कथनपर ललितेतर गद्य आणि प्रामाण्याचा प्रश्न

मराठी ग्रंथव्यवहारात गेल्या चार-पाच दशकांत ज्या वाङ्मयप्रकाराचे क्षेत्र सातत्याने विस्तारत गेले, त्याला अद्याप नीटसे नाव मिळालेले नाही. इंग्रजीत ‘नॅरेटिव्ह नॉनफिक्शन’ ही संज्ञा रूढ झाली; परंतु तिच्यातील दुसरा शब्द नकारार्थी आहे, आणि मराठीत त्यासाठी योजला जाणारा ‘ललितेतर’ हा शब्दही तसाच आहे. जे कल्पित नाही ते, जे ललित नाही ते, एवढेच या नावांवरून कळते. त्यातही विसंगती अशी की, ज्या ग्रंथांना ‘ललितेतर’ म्हणावयाचे, ते प्रसंगचित्रण, संवाद, उत्कंठा, पात्रांच्या मनोव्यापारांचे दर्शन इत्यादी ललितवाङ्मयाचीच साधने मुक्तहस्ते वापरतात. प्रकाशकांच्या सूचीत ते कधी ‘चरित्र’, कधी ‘अनुभवकथन’, कधी ‘माहितीपर’ अशा निरनिराळ्या सदरांखाली विखुरलेले आढळतात. सोयीसाठी प्रस्तुत लेखात त्यांना ‘कथनपर ललितेतर गद्य’ असे म्हटले आहे. नावाचा हा घोळ केवळ परिभाषेचा नाही. ज्या प्रकाराला नाव नाही त्याला निकषही नसतात, आणि ज्याला निकष नसतात त्याचे नियम बाजारपेठ ठरविते.

या प्रकाराच्या लोकप्रियतेची काही कारणे उघड आहेत. वृत्तपत्रांतून दीर्घ लेखनाला मिळणारी जागा आकुंचित झाली, आणि जे लेखन पूर्वी साप्ताहिकांत व दिवाळी अंकांत विसावत असे ते ग्रंथरूपाने बाहेर पडू लागले. कादंबरीने आत्मशोधाकडे वळताना समाजाविषयीची माहिती पुरविण्याचे आपले जुने काम बरेचसे सोडून दिले. ती जागा या गद्याने घेतली. प्रकाशकाच्या दृष्टीने पाहता अशा ग्रंथाला एक सांगण्याजोगा विषय असतो. तो एका वाक्यात जाहिरातीत मांडता येतो. तेलाचे राजकारण, एखादा उद्योगसमूह, एखादे युद्ध, एखाद्या शास्त्रज्ञाचे जीवन असे विषय घेऊन लिहिलेल्या, तसेच अनुवादित ग्रंथांना मराठीत जो वाचक मिळाला, त्यात कादंबरीवाचन म्हणजे कालापव्यय असे मानणारा, स्पर्धापरीक्षांच्या तयारीत गुंतलेला तरुणवर्गही मोठा असावा. त्याला कथेचे सुख हवे असते. मात्र ते घेताना आपण ‘माहिती’ मिळवीत आहोत असे समाधानही हवे असते. हे गद्य त्याला दोन्ही देते. २०१५ साली स्वेतलाना अलेक्सिएविच यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा साक्षीदारांच्या निवेदनांतून रचलेल्या गद्याला वाङ्मयीन प्रतिष्ठेचीही मोहोर लागली. (त्यांच्या ग्रंथांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत तीच निवेदने बदलत गेल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, पारितोषिकाच्या आनंदात त्या चर्चेकडे फारसे लक्ष गेले नाही.)

परंतु या लोकप्रियतेच्या मुळाशी एक दुहेरी पत आहे, आणि समीक्षेने विचार करावयाचा तो तिचाच. कादंबरीचा वाचक निवेदकाला सर्वज्ञतेची मुभा देतो, कारण तेथे जाणण्याजोगे जे काही आहे ते निवेदकानेच निर्माण केलेले असते. इतिहासाचा वाचक निवेदकावर विश्वास ठेवतो, कारण तो आपली साधने पुढे ठेवतो आणि जेथे साधन नाही तेथे थांबतो. कथनपर ललितेतर गद्य पहिल्याकडून सर्वज्ञता उसनी घेते व दुसऱ्याकडून विश्वास. दोहोंपैकी एकाचेही बंधन मात्र ते आपोआप स्वीकारीत नाही. ‘त्या रात्री त्याला झोप लागली नाही; आईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे येत होता’, असे वाक्य कादंबरीत निर्दोष होय. तेच वाक्य खऱ्या माणसाविषयी लिहिले गेले की एक प्रश्न अटळपणे उभा राहतो: हे लेखकाला कसे कळले? या प्रकाराचे सारे समीक्षाशास्त्र या एका प्रश्नाभोवती उभे करावे लागेल. भारतीय तर्कपरंपरेने ज्ञानाच्या दाव्याबरोबर प्रमाणाची विचारणा केली. प्रत्यक्ष कोणते, अनुमान कोणते, शब्द कोणाचा, हे सांगितल्यावाचून दावा पुरा होत नसे. ती विचारणा या गद्याला लावली म्हणजे त्याच्यातील दोन भिन्न प्रवृत्ती स्पष्टपणे वेगळ्या होतात.

पहिल्या प्रवृत्तीचे ठळक उदाहरण म्हणजे ट्रूमन कपोटी यांचे ‘इन कोल्ड ब्लड’. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होलकम या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबातील चार माणसांची हत्या झाली. तिचा तपास, खटला आणि १९६५च्या एप्रिलमधील दोघा गुन्हेगारांची फाशी हा या ग्रंथाचा विषय. १९६५च्या अखेरीस ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकातून तो क्रमशः आला आणि १९६६च्या जानेवारीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध होताच अफाट खपला. कपोटी यांनी त्याला ‘नॉनफिक्शन कादंबरी’ असे म्हटले, त्यातील प्रत्येक गोष्ट खरी असल्याचा दावा केला, आणि मुलाखती घेताना टिपणवही किंवा ध्वनिमुद्रक न वापरता केवळ स्मरणशक्तीवर विसंबल्याचे अभिमानाने सांगितले. ग्रंथात निवेदक कोठेही दिसत नाही. वर्षानुवर्षे ज्याने त्या माणसांशी संभाषण केले, पत्रव्यवहार केला, जो फाशीच्या वेळीही तेथे होता, त्याने स्वतःला संपूर्ण पुसून टाकले आहे. परिणामी वाचकाला असे वाटते की घटनाच आपणहून बोलत आहेत.

त्याच वर्षी, १९६६च्या जूनमध्ये, फिलिप टॉम्पकिन्स यांनी ‘एस्क्वायर’ मासिकात या दाव्याची तपासणी प्रसिद्ध केली. कॅन्ससला जाऊन त्यांनी साक्षीदारांची विचारपूस केली. ग्रंथात तुरुंगातील एका आरोपीचा शोकावेग ज्या स्त्रीच्या कानांवर पडल्याचे वर्णिले आहे, त्या स्त्रीने असे काही ऐकल्याचे नाकारले. वधस्तंभाजवळ त्या आरोपीने मागितलेल्या क्षमेचे शब्दही तेथे हजर असलेल्या पत्रकाराला ऐकू आले नव्हते. पुढे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या जेराल्ड क्लार्क यांच्या कपोटी-चरित्रातून हेही उघड झाले की, ग्रंथाचा शेवट करणारा स्मशानभूमीतील शांत, करुण प्रसंग संपूर्णपणे रचलेला होता. येथे विचारात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे तीनही प्रसंग एकाच दिशेला वाकलेले आहेत. गुन्हेगाराच्या ठिकाणी पश्चात्ताप, आणि वाचकाच्या ठिकाणी उपशम, यांची निर्मिती व्हावी यासाठी ते योजले आहेत. म्हणजे जेथे वस्तुस्थितीने कथेला अपेक्षित असलेला शेवट पुरविला नाही, तेथे कथेने तो स्वतः निर्माण केला. कादंबरीकाराच्या हातून हे झाले असते तर त्याला रचनाकौशल्य म्हणता आले असते. येथे मात्र ज्याच्या तोंडी ते शब्द घातले तो माणूस खरा होता, आणि ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच फाशी गेलेला होता.

हा दोष सर्वज्ञ निवेदनाचाच आहे असे मात्र म्हणता येत नाही. जॉन हर्सी यांचे ‘हिरोशिमा’ हे त्याचे उत्तर होय. ३१ ऑगस्ट १९४६चा ‘न्यू यॉर्कर’चा सबंध अंक या एका वृत्तान्ताला दिलेला होता. अणुबाँबमधून वाचलेली सहा माणसे, त्यांच्या त्या दिवसाच्या व पुढील दिवसांच्या हालचाली, इतकाच मजकूर. निवेदक येथेही अदृश्यच आहे. परंतु हर्सी त्या सहा जणांच्या दृष्टीपलीकडे जात नाहीत, आणि त्यांनी सांगितले असण्याची शक्यता नाही असे काहीही त्यांच्या मनात घालीत नाहीत. गद्य इतके कोरडे ठेवले आहे की सजावटीला शिरकावच मिळू नये. पुढे १९८० साली ‘येल रिव्ह्यू’मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी कपोटी, मेलर व वुल्फ यांच्यावर कठोर टीका केली. वृत्तलेखकाने निवड करणे, गाळणे अपरिहार्य आहे. भर घालणे मात्र त्याला निषिद्ध आहे, असा त्यांचा आशय होता. गाळणे आणि भर घालणे यांत हर्सी मानतात तेवढे अंतर नेहमीच असते का, याविषयी शंका घेता येईल. पण तेवढी एक रेषा तरी त्यांनी आखली.

मराठी वाचकाला हा वाद परकीय वाटण्याचे कारण नाही, कारण मराठी गद्याचा आरंभच अशा ग्रंथाने झालेला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरांच्या सान्निध्यात राहिलेल्या व्यक्तींना गाठून, त्यांच्याकडून एकेक आठवण मिळवून, आणि नागदेवाचार्यांकडून तिची शहानिशा करून घेऊन. मूळ पोथी पुढे हरवली आणि स्मरणातून ती पुन्हा जुळविली गेली, तेव्हा पाठांत पडलेले फरक नावानिशी नोंदविण्याची पद्धत त्या परंपरेने पाळली. एका लीळेचे दोन पाठ असले तर त्यांतील अधिक रसाळ पाठ निवडून दुसरा पुसून टाकावा, असे कोणाला वाटले नाही. अर्थात या काटेकोरपणाला आधुनिक वस्तुनिष्ठेचे नाव देणे इतिहासाला सोडून होईल. महानुभावांच्या दृष्टीने चक्रधरांचा प्रत्येक शब्द परमेश्वराचा शब्द होता. त्यात आपला शब्द मिसळणे म्हणजे पाप. प्रेरणा भक्तीची असली तरी तिच्यातून जी लेखनरीती निष्पन्न झाली ती प्रमाण उघड ठेवणारी होती, एवढे येथे पुरे आहे. याउलट बखरींची गोष्ट. बखरकार दरबारातील खासगी मसलतींतले संवादही प्रत्यक्ष ऐकल्यासारखे देतात. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर जो घणाघाती हल्ला केला, तो आज या नव्या गद्यावरील टीका म्हणूनही वाचण्याजोगा आहे. मराठीला या दोन्ही रीतींचा वारसा आहे, असाच याचा अर्थ.

या दोन रीती एकाच ग्रंथाच्या इतिहासात एकत्र आलेल्या पाहावयाच्या असतील तर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे वळावे लागते. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. परत आल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, त्याने ही हकीकत लिहून काढली. सरकारच्या रोषाची भीती असल्यामुळे ती लेखकाच्या हयातीत छापली गेली नाही. १९०७ साली वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. गोडसे भटजी प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकलेले दोन्ही सांगतात, आणि त्यांच्या कथनात या दोहोंचा पोत वेगळा राहतो. इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्यास बोलावून त्यांच्यापुढे धर्मविरुद्ध कलमांची यादी ठेवली, ही हकीकत इतिहास म्हणून टिकणारी नाही. परंतु बंडाच्या काळात शिपायांत आणि वाटसरूंत कोणती वदंता पसरली होती याचा पुरावा म्हणून ती अमोल आहे. आणि तिला हे मूल्य आहे ते ती ऐकीव म्हणून आलेली आहे यामुळेच. झाशीच्या रस्त्यांवरील कत्तलीचे आणि लपून काढलेल्या तासांचे वर्णन मात्र वेगळ्याच अधिकाराने येते. भिक्षुकाला जेवढे दिसले तेवढेच तो सांगतो. किल्ल्यात काय चालले होते ते त्याला ठाऊक असेल तेवढ्यापुरतेच ठाऊक आहे.

वैद्यांनी १९०७ साली जो मजकूर छापला त्यात त्यांनी फेरफार व गाळागाळ केली होती. भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवलेल्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा हे अंतर लोकांपुढे आले. न्यू यॉर्कमध्ये ‘इन कोल्ड ब्लड’ हातोहात खपत होते त्याच वर्षी पुण्यात एक संपादक साठ वर्षांपूर्वीच्या संपादकाचा हात बाजूला करून निवेदकाचा मूळ शब्द मोकळा करीत होता. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु एकीकडे प्रमाण झाकण्याचे आणि दुसरीकडे ते उघडण्याचे काम चालले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वैद्यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्याला आधार नाही. ग्रंथ वाचनीय व्हावा, शिष्टसंमत व्हावा, ही त्यांची इच्छा आजच्या कोणत्याही प्रकाशनसंस्थेतील संपादकाच्या इच्छेहून भिन्न नव्हती.

आधुनिक मराठीत या प्रकाराची दोन टोके अशीच दिसतात. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) हे एका पिढीने नव्हे, अनेक पिढ्यांनी वाचलेले पुस्तक. गुलामगिरीत जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय वनस्पतिशास्त्रज्ञाचे जीवन मराठी वाचकाच्या घरात पोचविण्याचे श्रेय त्याचे आहे, आणि ते थोडे नाही. पण त्यातील प्रसंग आणि संवाद हे वाचलेल्या साधनांवरून उभे केलेले आहेत. एखादा उद्गार साधनग्रंथातला आहे की लेखिकेने प्रसंगाच्या गरजेनुसार घडविला आहे, हे वाचकाला पानावर कळत नाही. प्रेरक चरित्राची परंपराच अशी असल्यामुळे कोणाला ते खटकलेही नाही. खेरीज ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’ यांसारख्या कादंबऱ्यांनी ऐतिहासिक व्यक्तींचे अंतरंग कल्पनेने खुले करण्याची आणि वाचकाने ते इतिहास म्हणून स्वीकारण्याची सवय आधीच लावून ठेवली होती. सांगितले जाते त्याहून ही सवय अधिक खोल आहे; मराठी बाजारपेठेत कथनपर ललितेतर गद्याला जी जमीन तयार मिळाली ती बरीचशी या सवयीची.

अनिल अवचट यांचे लेखन याच्या उलट वाटेने गेले. ‘पूर्णिया’ (१९६९) व ‘माणसं’ (१९८०) या पुस्तकांपासून त्यांनी जी रीत स्वीकारली तिच्यात लेखक सतत उपस्थित असतो: तो कोठे गेला, कोणाला भेटला, कोण बोलले, कोण बोलले नाही, काय समजले नाही. हमाल, विडी-तंबाखू कामगार, भटके यांच्याविषयी लिहिताना ते त्यांच्या मनात शिरत नाहीत, त्यांच्यासमोर बसतात. शैली इतकी साधी आहे की तिच्यात काही रीत आहे हेच पुष्कळांच्या ध्यानात आले नाही, आणि समीक्षकांनी या लेखनाची चर्चा प्रायः त्याच्या सामाजिक आशयापुरती मर्यादित ठेवली. वस्तुतः हे निवेदन ज्ञानाची मर्यादा वाक्यावाक्यातून सांगते. आणि ते लोकप्रियही झाले. सर्वज्ञ निवेदनाशिवाय वाचक मिळत नाहीत, ही प्रकाशनव्यवहारातील समजूत अवचटांच्या उदाहरणाने निराधार ठरते. या रीतीलाही तिची उणीव आहे: लेखक सतत समोर असल्यामुळे वाचकाची सहानुभूती कधी विषयापेक्षा लेखकाच्या संवेदनशीलतेकडेच वळते. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तर निवेदकच दुभंगलेला आहे, दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. स्वतःच्या जीवनाविषयीदेखील आपण एकसंध साक्षीदार नाही, हे या रचनेने जितक्या थेटपणे दाखविले तितके ते सिद्धान्तचर्चेतून दाखविता आले नसते.

येथे मराठी भाषेच्या एका सामर्थ्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘तो रात्रभर रडला’, ‘तो रात्रभर रडला असावा’ आणि ‘तो म्हणे रात्रभर रडला’ ही तीन वाक्ये तीन प्रमाणांची आहेत. पहिले प्रत्यक्षाचे अथवा निश्चयाचे, दुसरे अनुमानाचे, तिसरे ऐकिवाचे. इंग्रजीला हे सांगण्यासाठी स्वतंत्र उपवाक्य खर्ची घालावे लागते व कथनाचा ओघ अडतो. मराठीत ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द वाक्याच्या मध्यभागी सहज बसतो. घरोघरी, पारावर, एस. टी.च्या गाडीत सांगितल्या जाणाऱ्या हकीकतींत तो पदोपदी येतो, आणि त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. तरीही आजच्या मराठी कथनपर गद्यातून, विशेषतः इंग्रजी नमुन्यांवर बेतलेल्या गद्यातून, तो जवळजवळ हद्दपार झालेला दिसतो. साध्या भूतकाळाची निश्चयात्मक वाक्ये एकामागून एक येत राहतात.

या प्रश्नाचे सर्वांत बिकट रूप कॅथरीन बू यांच्या ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स’ (२०१२) या ग्रंथात दिसते. मुंबईच्या विमानतळालगतची अण्णावाडी ही झोपडवस्ती त्याचा विषय. २००७च्या नोव्हेंबरपासून तीन वर्षांहून अधिक काळ लेखिका दुभाष्यांच्या मदतीने तेथे जात राहिली. शेवटी जोडलेल्या टिपणात तिने आपली कार्यपद्धती सांगितली आहे: टिपणे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, पुनःपुन्हा केलेली विचारपूस, आणि तीन हजारांहून अधिक सरकारी कागदपत्रे, त्यांतील अनेक माहितीच्या अधिकाराखाली मिळविलेली. कपोटींच्या स्मरणशक्तीच्या बढाईशेजारी हे परिश्रम ठेवले म्हणजे या प्रकाराने पन्नास वर्षांत किती मजल मारली ते कळते. पोलिसांनी आणि रुग्णालयांनी मृत्यूंच्या नोंदी कशा बदलल्या हे या कागदपत्रांच्या आधारे तिने ज्या रीतीने दाखविले, त्याला तोड नाही. तथापि ग्रंथाच्या मुख्य भागात निवेदिका कोठेही नाही. भंगार विकत घेणाऱ्या पोरसवदा तरुणाच्या मनातील विचार आणि विदर्भातून आलेल्या, राजकीय पक्षाच्या आश्रयाने वर चढू पाहणाऱ्या स्त्रीची गुप्त गणिते कादंबरीच्या सफाईने इंग्रजीत उलगडत जातात. हे विचार त्या व्यक्तींनीच सांगितले, असे टिपणात म्हटले आहे, आणि त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. परंतु सांगितलेला विचार आणि त्या क्षणी मनात आलेला विचार या दोन वस्तू भिन्न आहेत. पहिला साक्ष आहे. ती कोणाला तरी, काही काळाने, काही हेतूने दिलेली असते. ग्रंथात मात्र तो साक्ष म्हणून न येता मनोव्यापार म्हणून येतो, आणि विचारणारी व्यक्ती, मधला दुभाषा, उत्तरापूर्वीचे मौन हे सारे त्या रूपांतरात गळून पडते. प्रमाण ग्रंथात आहे, पण शेवटच्या पानांवर, वाक्यात नाही.

असा ग्रंथ मराठीत आणताना अनुवादकापुढे जो पेच उभा राहतो तो अभ्यासकांनी बारकाईने पाहावा असा आहे. वैदर्भी वळणाची मराठी बोलणाऱ्या स्त्रीचे उद्गार दुभाष्याकडून इंग्रजीत गेले. तेथे ते सुघड झाले. आता ते पुन्हा मराठीत यावयाचे आहेत. तिचे मूळ शब्द अनुवादकाजवळ नाहीत. तो प्रमाण मराठी वापरील तर ती स्त्री पुणेरी होऊन बसेल. अंदाजाने बोली योजील तर तिच्या तोंडी तिने न उच्चारलेली बोली घातल्यासारखे होईल. आणि ‘तिला वाटले’ या जागी ‘तिला म्हणे वाटले’ असे लिहील तर मूळ लेखिकेची रचनाच मोडेल. तिचे मूळ शब्द कोठे असतील तर ते ध्वनिफितींत. अशा फिती कोठे ठेवल्या जाव्यात, त्या ऐकण्याचा अधिकार कोणाला असावा, आणि जिचा आवाज त्यांत आहे तिला त्या मागता याव्यात की नाही, याविषयी प्रकाशनाच्या करारांत तरतूद असण्याची रीत अद्याप पडलेली नाही.